मी दादाचा सीआरपी उतरवला

माझ्या थोरल्या भावाने जन्मात एकदाच माझं ऐकलं, आणि त्या एका खेपेत तो खाटेला लागायचा राहिला. ‘राहिला’ हेसुद्धा मी जरा स्वतःला सांभाळूनच म्हणतो आहे. बायकोला विचारलंत तर ती वेगळं सांगेल.

दादा ग्वाल्हेरला शाळामास्तर होता. गणित शिकवायचा आणि मैदानावर मुलांची कवायतही घ्यायचा. माझ्याहून चांगला दहा वर्षांनी मोठा, त्यामुळे वडिलांपेक्षा मी त्याच्या हाताखालीच जास्त वाढलो. पाढा चुकला की उठाबशा. दुधाचा पेला लवंडला की उठाबशा. एकदा मी उठाबशा काढताना हसलो म्हणून आणखी उठाबशा. वहिनी गेल्यावर दादा एकटा पडला, आणि मी त्याला भोपाळला, कोलार रोडवरच्या आमच्या घरी घेऊन आलो. येताना त्याने एक पेटी, एक छत्री आणि मला हुकूम सोडायची सगळी सवय बरोबर आणली.

बाजाराच्या दिवशी तो बिट्टन मार्केटला जाई. रिक्षाने जाई, पण एकदा उतरला की सगळा बाजार पायी. मटाराची शेंग सोलून दाणा तोंडात टाकल्याशिवाय भाव विचारायचा नाही. भाजीवाल्यांशी तो ग्वाल्हेरी हिंदीत भांडे आणि ते त्याला ‘मास्साब’ म्हणत. पिशवी मात्र कुणाच्या हाती द्यायची नाही. मी एकदा घेऊ बघितली तर म्हणाला, “तुझी पिशवी तू सांभाळ. पोटाची.”

मी कारखान्यात होतो, सरकारी. माझं काम मापयंत्रांचं. दाब, तापमान, प्रवाह, जे जे काट्यावर दिसतं ते माझं. तीस-पस्तीस वर्षं काटे बघून माणसाचं एक होतं: काटा हिरव्या पट्ट्यात असला की त्याला झोप लागते. पाइपाला हात लावून बघायचं काम फिटरचं. निवृत्त झालो तेव्हा काटे गेले, झोपही गेली. तेवढ्यात दादा आजारी पडला.

संक्रांतीनंतरची गोष्ट. खोकला झाला, ताप आला, छातीत कफ भरला. आठवडाभर औषधं चालली आणि ताप उतरला. मग मी त्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या फक्त म्हाताऱ्यांनाच तपासतात. त्यांनी छाती ऐकली, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, छाती साफ आहे, सीआरपी अजून थोडा वाढलेला आहे.

मी सरसावून बसलो. काटा! कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यासमोर काटा ठेवला होता.

बाईंनी नीट समजावलं. सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. शरीरात कुठे दाह असला, जंतूंशी मारामारी चालू असली, की यकृत ते जास्त सोडतं. आजार गेला की आकडा आपला आपण उतरतो. पण काही म्हाताऱ्या माणसांत हा दाह मंद आचेवर चालूच राहतो, आणि अशांच्यात वजन घटणं, चाल मंदावणं, हाताची पकड सैल होणं हेही जास्त दिसतं. “दोनों साथ-साथ चलते हैं,” बाई म्हणाल्या. त्यानंतरही त्या काही बोलत होत्या, पण मी तेव्हा रिपोर्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत होतो. खाली लिहिलं, ‘मी लक्ष घालतो.’

मी लक्ष घातलं.

माझं गणित सोपं होतं. दाह आणि अशक्तपणा बरोबर चालतात ना? मग दाह खाली ओढला की ताकद आपोआप वर येणार, रहाटाच्या दोन बादल्यांसारखी. आणि तापलेल्या यंत्राला आम्ही काय करायचो? बंद ठेवायचो, आणि इंधन कमी करायचो. घरी परतेपर्यंत दादाची सगळी योजना माझ्या डोक्यात तयार होती. उरलेलं फोनने पुरवलं. फोनवर बघायला बसलो की जगातला प्रत्येक पदार्थ कुणाच्या ना कुणाच्या मते दाह वाढवतो.

दूध बंद. दही बंद. गव्हाची पोळी बंद. तूरडाळ बंद, कारण तिच्याविषयी कुणीतरी फार आत्मविश्वासाने बोललं होतं. वांगी-टोमॅटो बंद. दादाचं सकाळचं अंडं बंद. वहिनी असताना हे अंडं तो नाक्यावर जाऊन चोरून खायचा आणि आमच्याकडे आल्यापासून राजरोस खात होता. सुरू काय? दुधीचं सूप, पपई, मुगाचं पाणी आणि हळदीचं कोमट पाणी. फिरणं बंद, बाजार बंद. अंथरुणावर विश्रांती.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती उज्जैनची. तिथल्या माणसाला कुणी उपाशी राहिलेलं बघवत नाही, त्यातून हिला तर मुळीच नाही.

“मुगाचं पाणी? आणि मूग कुणी खायचे?”

“तू खा.”

“अहो, दादा आजारातून उठलेत. त्यांना काही ताकदीचं द्यायला नको का?”

“ताकदीचंच चाललंय. तुला यातली प्रोसेस कळायची नाही.”

‘प्रोसेस’ हा शब्द मी कारखान्यात वरिष्ठांना गप्प करायला वापरत असे. बायको गप्प झाली नाही, पण आत गेली.

खरी अडचण दादाची होती. तो हे ऐकून घेईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी भांडायच्या तयारीने त्याच्या खोलीत गेलो, सगळी यादी वाचून दाखवली आणि वाट बघत उभा राहिलो. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, “अंडंपण नाही?”

“नाही.”

“बरं.”

बस्स, एवढंच. साठ वर्षांत पहिल्यांदा दादा मला ‘बरं’ म्हणाला. त्या क्षणी एखाद्या शहाण्या माणसाला काळजी वाटली असती. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचं ऐकलं नाही तो अचानक ऐकायला लागला, तर ते दुखण्याचं लक्षण समजावं. पण मला काळजी वाटली नाही. मला काय वाटलं ते लिहिताना अजून कान गरम होतात. मला मजा आली.

हो, मजा. मी त्याला झोप म्हणालो की तो झोपायचा. उठून बसलेला दिसला की मी दारातूनच ओरडायचो, “दादा! कुणी सांगितलं उठायला?” आणि तो मुकाट आडवा व्हायचा. लहानपणी त्याने मला जितक्या वेळा उठवलं होतं, तितक्या वेळा मी त्याला निजवलं. मी हे सगळं त्याच्या भल्यासाठी करत होतो, आणि त्या भल्याआडून माझा एक फार जुना हिशोब वसूल होत होता. तेव्हा हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. थोडं थोडं कळत होतं.

रक्त मी घरीच तपासून घ्यायला लागलो. लॅबमधून एक ताई यायच्या. डॉक्टरीणबाईंनी पुढची तपासणी बऱ्याच अवकाशाने सांगितली होती. मला तेवढा दम कुठला? कारखान्यात आम्ही दर पाळीला रीडिंग घ्यायचो. दादाच्या कोपरापाशी निळे डाग पडले. ताईंना शीर सापडेना तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, दादाजी को थोड़ा आराम दे दो.” मी म्हणालो, आरामच चालू आहे.

आणि आकडा उतरत गेला! पहिल्या खेपेला थोडा, पुढच्या खेपेला बराच, मग पार हिरव्या पट्ट्यात. मी आलेख कागदावर लाल पेन्सिलने रेघ काढली आणि फ्रिजवर चिकटवली. दूध घालायला येणाऱ्या भैयानेही ती बघितली आणि विचारलं, “साब, शेयर गिर गया क्या?” त्याच्याकडचं दूध मी निम्म्यावर आणलं होतं, त्यामुळे त्याला काळजी वाटणं साहजिक होतं. ग्रुपवर अभिनंदनं आली. पुण्याच्या चुलत पुतणीने लिहिलं, ‘काका, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं.’ मी नम्रपणे हात जोडल्याचं चित्र टाकलं. पेढेही आणले. दादाला दिले नाहीत. पेढ्यात साखर असते.

त्याच दिवशी बायको दादाचा पायजमा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“ही नाडी बघा. गाठ कुठपर्यंत आली बघा.”

“वजन उतरलंय. चांगलं आहे.”

“मांड्या उतरल्यात त्यांच्या. काल न्हाणीघरातून हाक मारली मला. नळाला धरून उभे होते. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस.”

“मला? का?”

तिने पायजम्याची घडी घातली. “तुम्ही रागावता म्हणून,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

मी फ्रिजवरचा कागद बघितला. रेघ किती सुंदर उतरली होती! मी स्वतःला सांगितलं, आता बाईंना एकदा दाखवू, त्याच सांगतील. खरं सांगायचं तर मला तो कागद दाखवायचाच होता.

बाईंच्या खोलीत दादाला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागलं. मी म्हणालो, फाटकापासून लांब पडतं म्हणून. पहिल्या वेळी तेच अंतर तो चालत आला होता आणि वाटेत फाटकावरच्या गार्डला शर्टाचं बटण लावायला सांगितलं होतं. यावेळी तो कुणाला काही बोलला नाही.

मी आलेख टेबलावर उलगडला. बाईंनी बघितला. “नंबर बहुत अच्छा है,” त्या म्हणाल्या, आणि मी खुर्चीत जरा मागे रेललो. मग त्यांनी दादाला साध्या खुर्चीवर बसवलं, त्याचे हात छातीवर घडी घालून ठेवले आणि म्हणाल्या, “बाबूजी, हाथ टेके बिना खड़े होइए.”

दादा उठला नाही. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

“उठू का?” त्याने विचारलं.

बाईंना मराठी कळत नव्हती, पण एवढं बहुधा कळलं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कसाबसा म्हणालो, “ऊठ ना, दादा.”

त्याने पुढे झुकून जोर लावला. पायजम्यातून त्याच्या मांड्या थरथरताना दिसल्या. बूड जरासं उचललं आणि पुन्हा खुर्चीत पडलं. त्याने दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा हात सुटून खुर्चीच्या दांड्यावर गेला, आणि शाळेत मुलं मास्तरकडे बघतात तसं त्याने माझ्याकडे बघितलं. हे बघणं मला ओळखीचं होतं. लहानपणी मीच त्याच्याकडे तसं बघायचो.

“क्या खाते हैं?” बाईंनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, कारण मघापर्यंत तो माझा पराक्रम होता आणि तोंडाला त्याची सवय लागली होती. दुधी, पपई, मुगाचं पाणी. अंडं बंद, डाळ बंद, दूध बंद. मध्येच कुठेतरी माझा आवाज मलाच ऐकू यायला लागला. बाईंनी दादाची बाही वर केली आणि ते निळे डाग बघितले.

“इतनी बार जाँच किसने लिखी?”

“मैंने,” मी म्हणालो.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फार हळू बोलल्या. आजार गेला होता, त्यामुळे सीआरपी उतरणारच होता. मी काही केलं नसतं तरी उतरला असता. दाह आणि अशक्तपणा बरोबर दिसतात खरे, पण म्हणून आकडा पाडून कुणी उभं राहत नाही. या वयात माणूस नुसता पडून राहिला तर मांडीचं मांस बघता बघता विरघळतं, त्यात तोंडचं अन्न काढलं की आणखी लवकर. परत कमवायला महिने लागतात. पूर्ण परत येईलच असं त्या सांगू शकत नव्हत्या.

“आग तो अपने आप बुझ रही थी,” त्या म्हणाल्या, “आपने घर का राशन बंद कर दिया. मैंने उस दिन कहा था ना, खिलाइए और चलाइए?”

कधी म्हणाल्या होत्या? मी तोंड उघडलं, आणि मग आठवलं की मी तेव्हा फोटो पाठवत होतो.

परतताना गाडीत दादा माझ्या शेजारी बसला होता. चार इमली वस्तीच्या बाजूने झाडांखालून रस्ता येतो. ती झाडं दादाला आवडतात; नेहमी काच खाली करायला लावायचा. आज त्याने सांगितलं नाही, मीच खाली केली.

“बाईंनी चालायला सांगितलं होतं, हे तू ऐकलं होतंस?”

“ऐकलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

त्याने वाऱ्यासाठी तोंड खिडकीकडे केलं.

“अरे, तुझ्या घरात राहतो मी,” दादा म्हणाला. “तू इतकं मनावर घेतलं होतंस. म्हटलं, घरच्या माणसाचं ऐकावं.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परत काहीतरी बोललो असतो, आमचं जमून गेलं असतं. साठ वर्षं ज्याने मला हुकूम सोडले तो माझ्या घरी पाहुण्यासारखा, पाय पोटाशी घेऊन राहत होता, आणि मी त्याच्या त्या ‘बरं’ला माझ्या बुद्धीचा विजय समजत होतो. सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला, शिवीही दिली असावी. मला ती योग्यच वाटली.

घरी आल्यावर बायकोला सांगावं लागलं. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, “अंडी उकडायला ठेव.” ती वळली नाही. म्हणाली, “ठेवलीत. गेले चार दिवस एक तसंही देत होते मी. तुम्ही आंघोळीला गेलात की.” फ्रिजवरचा कागद तिनेच काढला. नुसते चिकटपट्टीचे तुकडे नखाने खरवडत राहिली, त्याचाच आवाज मला पुष्कळ झाला.

मग व्यायाम सुरू झाला. व्यायाम शिकवायला आलेल्या मॅडमनी दादाला पहिली गोष्ट दिली ती ही: खुर्चीवर बसायचं, उठायचं. बसायचं, उठायचं. म्हणजे उठाबशा. दादाच्या तोंडावर कित्येक दिवसांनी काहीतरी हललं. मॅडम मला म्हणाल्या, “आप भी साथ में कीजिए, इनका मन लगेगा.” मी दादासमोर खुर्ची मांडली, हात छातीवर बांधले आणि झोकात उठायला गेलो. बूड अर्ध्यात आलं, गुडघ्यात कट्ट झालं, आणि माझा हात आपोआप मांडीवर गेला.

“हात!” दादा गरजला. “हात काढ मांडीवरून!”

मी काढला, आणि धप्पकन खाली बसलो. बायको दारात पदर तोंडाला लावून हसत होती. दादाही हसला. मीही हसलो, कारण हसण्यासारखंच होतं. पण नंतर त्याची पाळी आली आणि मॅडमनी त्याच्या काखेत हात घालून त्याला उचललं, तेव्हा कुणी हसलं नाही.

आता उन्हाळा आहे. दादा खुर्चीतून उठतो, एक हात टेकून. कमोडवरून उठायला भिंतीला दांडी बसवून घेतली आहे. अंडं खातो, डाळ खातो, पेढाही खातो. रक्त तपासायला आम्ही बाईंनी सांगितल्याशिवाय कुणाला बोलावलं नाही. त्याची माफी मी मागितलेली नाही. दोनदा सुरुवात केली. पहिल्यांदा तो म्हणाला, “पंखा वाढव.” दुसऱ्यांदा म्हणाला, “आता नको.” ते पंख्याबद्दल नव्हतं एवढं मला कळलं.

परवा बाजाराच्या दिवशी त्याला बिट्टन मार्केटला घेऊन गेलो. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. काठी घेऊन तो पहिल्या ओळीच्या अर्ध्यापर्यंत चालला, मग एका ओळखीच्या भाजीवालीने पालथं क्रेट पुढे सरकवलं आणि म्हणाली, “मास्साब, किधर थे इत्ते दिन? दुबरा गए.” दादा म्हणाला, “भाई ने आराम करवाया.” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “अच्छा भाई है, भैया. आजकल कौन करता है.” मी भेंड्यांकडे बघत राहिलो.

भाजी घेऊन झाली. दादा क्रेटवरून उठायला लागला. क्रेट खुर्चीपेक्षा खूप बुटकं असतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. त्याने काठी रोवली, जोर लावला, आणि थांबला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या गर्दीत मला एकच भीती वाटली, की तो आता पुन्हा ‘उठू का?’ विचारेल.

“बघतोस काय मख्खासारखा?” दादा म्हणाला. “हात दे.”

मी हात दिला. त्याने धरला. ज्या हाताने तो माझा कान पिळायचा तो हात लहान मुलाच्या मुठीएवढा हलका लागला. मी ओढलं, तर म्हणाला, “हळू, गाढवा. गाडी नाही ढकलायची.” उभा राहिला, दम खाल्ला, पायजमा झटकला. मग त्याने भाजीची पिशवी उचलली, जरा तोलून बघितली, आणि माझ्यासमोर धरली.

मला ती नको होती. देवाशपथ नको होती. मी म्हणालो, “दादा, तू घे ना. जड नाहीये.”

“धर,” तो म्हणाला, आणि काठी टेकत रिक्षाकडे निघाला. मी पिशवी घेऊन त्याच्या मागे, त्याच्याच चालीने, हळूहळू गेलो.